दोन मिलिमीटर हवा

अगं ऐक, फक्त ऐक, आणि मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर सगळा क्रम चुकेल.

आधी गेल्या वर्षीची शर्यत डोळ्यांसमोर आण. दगडखाणीकडे चढत जाणारा वळणावळणांचा रस्ता, पायथ्याशी डांबरावर ओढलेली पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर एक छोटी निळी गाडी. गाडीत भिंगरी. भिंगरी म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनीची नणंद, जन्मात कधी एका जागी बसली नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. तर ह्या भिंगरीचे दोन्ही हात खिडकीबाहेर, पाय पेडलवरून वर घेतलेले, आणि गाडी नुसती चालू. कारण त्या शर्यतीचा नियमच तसा. कधीतरी एका गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता आणि ती इशारा व्हायच्या आधीच सुटून थेट वेळ लिहिणाऱ्यांच्या टेबलावर चढली होती. टेबलाचा भुगा झाला, माणसं वाचली, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. रेघेवर आलं की हात बाहेर, पाय वर, आणि इंजिन एक अख्खं मिनिट आपलं आपण चालू राहिलं पाहिजे. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा बाराशेच्या वर गेला तर बाद. इंजिन बंद पडलं तरी बाद. दुसरी संधी नाही.

शिट्टीवाला घड्याळात बघत मोठ्यानं आकडे म्हणत होता. वीस, एकवीस, आणि बाविसाव्याला निळ्या गाडीनं एक उचकी दिली आणि गप्प झाली. झालं. मागच्या गाडीत एक गॅरेजवाला होता, ग्रीसमध्ये काम करूनही ह्याचे बूट कायम पांढरेशुभ्र, म्हणून सगळे त्याला पांढरे बूट म्हणतात. त्यानं खिडकीतून डोकं काढून अगदी मायेनं विचारलं, "झोपली का हो बिचारी? पांघरूण देऊ का?"

भिंगरी हसली. म्हणजे तिनं दात दाखवले. गाडी ढकलत बाजूला नेताना मागून जोर लावत होते तिचे वडील, म्हणजे वहिनीचे सासरे. त्यांना अख्ख्या गावात मिस्त्री म्हणतात, नुसतं मिस्त्री, पुढे मागे काही लागत नाही. त्यांनी घरी आल्यावर हातपाय धुतले, जेवले, आणि मग पाण्याचा ग्लास खाली ठेवता ठेवता म्हणाले की पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर हा कॅम निघणार आणि जुना बसणार. गाडी पाव पोचवायला परत.

आता कॅम म्हणजे काय ते सांगते, घाबरू नकोस, सोपं आहे. इंजिनाच्या आत एक दांडा असतो. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा ते तो ठरवतो. ही निळी गाडी आधी एका बेकरीची होती, दारोदार पाव पोचवायची, तिचा दांडा गरीब गाईसारखा. भिंगरीनं दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांना गाड्या शिकवून, हौशी लोकांना गिअर टाकायला शिकवून शिकवून घसा बसवून घेतला आणि शर्यतीचा कॅम आणला. तो बसवल्यावर गाडी चढावर अशी सुटायची की पाठ सीटला चिकटायची. पण उभी राहिली की दम्याचा पेशंट. धापा टाकायची, थरथरायची, खोकायची आणि मरायची. मोठा श्वास घ्यायची सवय लागलेल्या माणसाला कुणी नळीतून श्वास घ्यायला लावावं, तसं.

म्हणजे जुना कॅम बसला की भिंगरीची शर्यत कायमची संपली. गाडी असेल, भिंगरी असेल, पण ती भिंगरी पाव पोचवत असेल. हे सगळ्यांना कळलं होतं.

आणि वहिनी? वहिनीचा गाडीशी काही संबंधच नाही बघ. ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यातून दाताचा साचा येतो आणि ती त्यावर दाताची टोपी, म्हणजे कॅप, घडवते, केसाएवढंही कमीजास्त झालं तर माणसाला जेवता येत नाही. लग्न झालं तेव्हा तिला गॅरेजमध्ये फक्त डबा द्यायला पाठवायचे. एक दिवस एक बारीक स्क्रू इंजिनाच्या बेचक्यात पडला, मिस्त्रींची बोटं जाईनात, चिमटा जाईना, आणि वहिनीनं डबा खाली ठेवून दोन बोटांत तो अलगद वर काढला. मिस्त्री तिच्या हाताकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून बारीक कामं सूनबाईकडे. प्लग घासणं, जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्या, फुंकून साफ करणं, असली. वहिनीच्या नवऱ्याला गाडीला चार चाकं असतात एवढंच ठाऊक आहे, त्यामुळे तो ह्या गोष्टीत येत नाही, त्याला सोड.

मिस्त्रींची एक पद्धत होती. एखादा पेच त्यांनी मनासारखा लावला की त्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवायचा. शाईच्या शिक्क्यासारखा. पेच हलला तर ठिपका फुटतो आणि कळतं. त्या लाल ठिपक्याला गॅरेजमध्ये कुणी हात लावत नव्हतं. बाहेरगावचे लोक म्हणे जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून लाल ठिपका आहे का बघायचे. त्यांनी चाळीस वर्षं हे केलं, आणि चाळीस वर्षांत एकाही ठिपक्याला खोटं पडायची वेळ आली नव्हती. त्यामुळे गंमत काय झाली, निळ्या गाडीचं काहीतरी चुकतंय हे कळल्यावर सगळ्यांनी सगळं बदललं. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पाइप बदलला, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खोलून उकळत्या पाण्यात धुतला, गॅस्केट नवीन घातलं, सायलेन्सरसुद्धा बदलला. ज्या पेचांवर ठिपका होता ते सोडून सगळं. वर्षभर हेच. ठिपका आहे म्हणजे ते बरोबरच आहे, मग दुसरं काय ते शोधा.

आणि बघता बघता शर्यत उद्यावर आली.

शनिवार. पाच वाजेपर्यंत गाडी पायथ्याच्या मैदानात जमा करायची होती. मिस्त्री अकरा वाजता कागदपत्रं आणि दारावर चिकटवायचा नंबर आणायला गेले, तिथे रांग असते, चार तरी वाजणार म्हणाले. जाताना भिंगरीला सांगून गेले की आता काही खोलाखोली नको, पुसून ठेवा. वहिनीची लॅब शनिवारी अर्धा दिवस, ती साडेअकराला आली, डोक्याला रुमाल बांधला आणि सवयीनं प्लग काढले. चारही काळेकुट्ट. काजळी बोटाला लागत होती. आठवड्यापूर्वी हेच प्लग तिनं चकाचक करून दिले होते.

वहिनीनं प्लग पुसले, बसवले, आणि भिंगरीला गाडी चालू करायला सांगितली. कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला दोन बारीक पेच असतात, उभ्या गाडीला पेट्रोल किती मिळणार ते त्यांनी ठरतं. ह्या दोघांवर ठिपका नव्हता, हवा-पाणी बदललं की ते हलवावे लागतात, त्यांना हात लावायची मुभा होती. वहिनीला फक्त मोजायचं होतं किती फेरे उघडे आहेत. म्हणून तिनं एक पेच आत फिरवत नेला. पाव, अर्धा, एक, दीड. पूर्ण बंद. मग दुसरा. पूर्ण बंद.

आणि गाडी चालूच.

थरथरत, खोकत, पण चालूच. पेच बंद केल्याचा तिला पत्ताच नाही. वहिनी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तशीच वाकून उभी. भिंगरी आतून ओरडून विचारतेय की काय झालं, आणि वहिनी तिला म्हणाली, "नळ बंद केलाय आणि बादली भरतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी दुसरीकडून येतंय."

आता इथे जरा लक्ष दे, सगळी गोष्ट ह्यावर आहे. कार्बोरेटरच्या घशात तळाशी पितळेची गोल झडप असते, पैशाएवढी. ह्या कार्बोरेटरला दोन. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्या उघडतात आणि हवा आत जाते. झडपेच्या कडेला, घशाच्या भिंतीत, एक बारीक उभी चीर असते, तिच्यातूनही पेट्रोल येतं, पण ते गाडी पळायला लागली की. गाडी उभी असताना ती चीर झडपेनं झाकलेली हवी, दिसली तर नखाच्या टोकाएवढी, जेवढी रुंद तेवढीच उंच. मिस्त्रींनी काय केलं होतं, नवा कॅम बसवल्यावर गाडी मरायला लागली, तिला हवा पुरेना, म्हणून झडप थोडी उघडी राहील असा मागचा पेच कसला. जन्मभर ते असंच करत आले होते, साध्या गाडीला ते चालतंही. वर ठिपका ठेवला. पण झडप उघडली तशी चीरही उघडी पडली, आणि तिच्यातून पेट्रोल बदाबदा. हवेसाठी दार उघडलं आणि दारातून पूर आत आला. गाडी उपाशी नव्हती गं, ती बुडत होती. वर्षभर.

वहिनीनं कार्बोरेटर काढायचं ठरवलं. चार नट, त्यातला एक अशा कोपऱ्यात की तो फक्त तिच्याच बोटांना सापडतो. कार्बोरेटर उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. चीर अख्खी दिसत होती, वरपासून खालपर्यंत, तांदळाच्या दाण्याएवढी लांब. भिंगरीनंही डोळा लावून बघितली आणि एक शिवी दिली, ती राहू दे.

मग झडप बंद करा की, असं तुझ्या मनात आलं ना? भिंगरीच्याही आलं. पण झडप बंद केली तर हवा कुठून येणार? परत उपाशी. उघडली तर बुडते, बंद केली तर गुदमरते. वहिनी कार्बोरेटर मांडीवर घेऊन स्टुलावर बसली आणि बोटानं झडप उघडझाप करत राहिली. तिच्या लॅबमध्ये दाताची टोपी बसवताना आत हवा अडकली की टोपी खाली बसत नाही, तेव्हा मागच्या बाजूला कुणाला दिसणार नाही असं बारीक भोक पाडतात, हवा निघून जाते. तिला ते आठवलं. झडप बंदच ठेवायची आणि झडपेला भोक पाडायचं. हवा भोकातून येईल, चीर झाकलेली राहील.

तिनं हे सांगितल्यावर भिंगरीचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. कारण हा कार्बोरेटर मिस्त्रींनी अठरा वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याकडून आणला होता, असा दुसरा मिळत नाही, त्या झडपा तर मुळीच मिळत नाहीत. भोक मोठं झालं तर गाडी कायमची जास्त वेगानं फिरत राहणार, काटा बाराशेच्या खाली येणारच नाही. भोक कथलानं बुजवता येतं म्हणतात, पण तो थेंब सुटून इंजिनात पडला की इंजिनाची वाट. आणि भोकाच्या आधी ठिपका. झडपेचा पेच मागे घ्यायचा तर लाल ठिपका फुटणार.

भिंगरी म्हणाली, बाबांना फोन लावू.

वहिनीनं मान हलवली. "विचारलं तर ते नाही म्हणतील."

"म्हणतीलच."

"आणि नाही म्हटल्यावर केलं तर तो त्यांचा शब्द मोडणं झालं. न विचारता केलं तर नुसती माझी चूक."

"तुझी का? गाडी माझी आहे."

"हात माझा आहे ना," वहिनी म्हणाली. "तू फक्त सांग, करू का नको."

भिंगरी, जी कधी एका जागी बसत नाही, ती टायरवर बसली. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मग ती उठली, गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं, आणि म्हणाली की एवीतेवी उद्या मरायचंच आहे तर भोक पाडून मरू.

वहिनी स्कूटर घेऊन लॅबमध्ये गेली आणि आपला छोटा गिरमिट घेऊन आली. बोटांच्या चिमटीत धरून हातानं फिरवायचा, वीज नाही, आवाज नाही. दीड मिलिमीटरचं पातं लावलं, त्याला ग्रीस फासलं, म्हणजे पितळेचा भुगा ग्रीसलाच चिकटतो, आत पडत नाही. सुईनं आधी खूण केली. आणि मग फिरवायला लागली. कडेजवळ, चिरेपासून लांब. पितळ मऊ असतं तरी एका भोकाला सात-आठ मिनिटं लागली. भिंगरी बॅटरी धरून होती, पण तिला एका जागी उभं राहवेना, उजेड सारखा सरकत होता. शेवटी वहिनीनं बॅटरी एका डब्यावर ठेवली आणि भिंगरीला पाणी प्यायला पाठवलं.

दोन झडपांना दोन भोकं. मग तिनं अंगठ्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पेच मागे घेतला. लाल ठिपका टचकन फुटला, त्याची टिकली उडून जमिनीवर पडली. दोघींनी तिच्याकडे बघितलं आणि दोघींनी नजर फिरवली.

कार्बोरेटर बसवला, गाडी चालू केली. सुधारली होती, पण अशक्त. सातशेवर काटा, हुंदके देत देत मेली. परत चार नट, परत तो कोपऱ्यातला नट, बोटं भाजली तरी तोच. आता दोन मिलिमीटरचं पातं. तेव्हा अडीच वाजले होते. परत ग्रीस, परत चिमटी. परत बसवला. भिंगरीनं किल्ली फिरवली आणि काटा नऊशेवर येऊन उभा राहिला. थरथरत, पण उभा.

आणि आता वहिनीनं तो छोटा पेच अर्धा फेरा आत घेतला, तर गाडी कळवळली. बाहेर काढला, तर सावरली. तुला कळतंय का हे केवढं आहे? वर्षभर ज्या पेचांना गाडी भीक घालत नव्हती, ते आता बोलायला लागले. वहिनीनं रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि एकदा हा पेच, एकदा तो, पाव फेरा, त्याच्याही निम्मा, जसा दात घासून घासून बसवतात तसं. हळूहळू धापा थांबल्या. गुब, गुब, गुब. शर्यतीच्या कॅमचा आवाज असाच असतो, जाडजूड, पण त्यात ठेका होता, तालावर पाय टाकावा असा. काटा एक हजार पन्नास. भिंगरीनं हात खिडकीबाहेर काढले, पाय वर घेतले आणि मोठ्यानं मोजायला लागली. साठ झाले, शंभर झाले, दोनशेला ती कंटाळली आणि गाडी चालू ठेवून बाहेर येऊन नाचायला लागली.

मग तिला लोभ सुटला. अजून थोडं मोठं करू, अडीच करू, उद्या काही भरवसा नको. वहिनी म्हणाली नाही. उद्या उन्हात रांगेत उभं राहून इंजिन तापेल, तापलं की काटा वर जाईल, आणि दाताचं जे घासून गेलं ते परत येत नाही. तिनं गिरमिट पुसून पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. भिंगरीनं दुसरी युक्ती काढली. ड्रॉवरमध्ये नेलपॉलिश होतंच, तसाच ठिपका ठेवू, बाबांना शर्यतीनंतर सांगू. वहिनीनं बाटली तिच्या हातातून घेतली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली. पेच उघडाच राहिला, बोडका.

चारला पाच कमी असताना मिस्त्री आले. काखेत नंबरचा कागद. शटर अर्धं खाली, आत गाडी चालू. ते बाहेरच थांबले. आतून दोघींना त्यांचे फक्त गुडघ्यापासून खालचे पाय दिसत होते, आणि ते पाय हलत नव्हते. मग त्यांनी वाकून आत डोकावलं आणि विचारलं, "कुणाची गाडी घेतलीत आत?"

स्वतःच्या गाडीचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंगरीला हसू फुटणार होतं, पण ते तोवर बॉनेटपाशी पोचले होते आणि त्यांची नजर बरोबर त्या बोडक्या पेचावर गेली. वहिनीनं सगळं सांगितलं. एका दमात, खालमानेनं नाही, सरळ त्यांच्याकडे बघत. नळ आणि बादली, चीर, ठिपका, भोकं, दीड आणि मग दोन. मीच केलं म्हणाली. भिंगरी मध्ये बोलायला गेली तर तिला हातानं गप्प केलं. मिस्त्रींनी ऐकलं. गाडी बंद केली. मग मोरीवर गेले आणि हात धुवायला लागले, हात स्वच्छ होते तरी. नळ कितीतरी वेळ चालू होता. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले की पाचला गाडी जमा करायचीय, चला. त्या संध्याकाळी जेवताना वहिनी समोर वाढत होती तरी त्यांनी मीठसुद्धा मुलाला मागितलं.

रविवार. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. अकरा गाड्या, निळी आठवी, तिच्या मागे पांढरे बूट. रांग हलेना, एकाची गाडी दुसऱ्या वळणावर गवतात गेली, ती काढेपर्यंत पंचवीस मिनिटं सगळे उन्हात. वहिनी दोरीच्या ह्या बाजूला, मिस्त्री चार हात लांब, हात मागे बांधून. पांढऱ्या बुटांनी तेवढ्यात विचारून घेतलं की यंदा पांघरूण घरूनच आणलंय ना. मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांचा कान लाल झालेला वहिनीला दिसला.

निळी रेघेवर आली. हात बाहेर. पाय वर. शिट्टीवाला खिडकीतून आत वाकला, एक डोळा काट्यावर, एक घड्याळावर, आणि मोजायला लागला.

दहा. गुब, गुब, गुब. पंधरा. वीस. एकवीस. वहिनीनं डोळे मिटले. बावीस गेला. तेवीस गेला. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला, तो भिंगरीच्या भावाचा होता, ज्याला गाडीतलं काही कळत नाही. तीस. आणि मग वहिनीच्या कानाला कळलं की ठेका जरा जलद झालाय. पंचवीस मिनिटांच्या उन्हानं आपलं काम केलं होतं. शिट्टीवाला अजून खाली वाकला. काटा अकराशे तीस. पंचेचाळीस सेकंद. अकराशे साठ. भिंगरीचे हात बाहेरच होते, काटा तिला समोर दिसत होता आणि ती काही म्हणजे काही करू शकत नव्हती. बावन्न. अकराशे ऐंशी. तिथे काटा लटकला. त्या क्षणी भोक अडीचचं असतं ना, तर गोष्ट तिथेच संपली असती. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.

साठ. शिट्टी.

भिंगरी अशी सुटली की तिच्या टायरची धूळ पांढऱ्या बुटांवर बसली, हे लोक अजून रंगवून सांगतात, पण खरंच बसली. पहिल्या वळणापर्यंत दिसली, मग नुसता आवाज, खाणीच्या भिंतीवर आपटून परत येणारा, चढत चढत, एकदाही न अडखळणारा. सगळे वेळेच्या पाटीकडे धावले. अकराही गाड्या झाल्या तेव्हा ती दुसरी होती. अकरांत दुसरी, बेकरीची गाडी, आणि पांढरे बूट चौथे. वहिनी रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता येणार नाही.

मिस्त्री पाटीकडे गेलेच नाहीत. भिंगरी गाडी खाली घेऊन आली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी तिला गाडी बंद करू दिली नाही. बॉनेट उघडलं, आणि तसेच उभे राहिले, तिच्या उभ्या राहण्याचा आवाज ऐकत, पाच मिनिटं तरी. लोक येऊन हात मिळवायला बघत होते, ते कुणाकडे वळले नाहीत. मग त्यांनी वहिनीला जवळ बोलावलं.

"मला विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं."

"माहीत होतं बाबा."

"आणि गाडी आज बाविसाव्याला मेली असती." त्यांनी बॉनेटच्या आत बघितलं. "पुढच्या वेळी विचार. मी नाहीच म्हणेन. तरी विचार."

आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, त्या पांढऱ्या बुटांसकट, त्यांनी शर्टाच्या खिशातला आपला स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले की तापलीय, पाव फेरा कमी कर, तुझा कान बघू दे मला. वहिनीनं पाव फेरा कमी केला. त्यांनी मान डोलावली.

कॅम राहिला. पण घरात भांडण अजून चालू आहे. भिंगरी म्हणते वहिनीनं बरोबर केलं, विचारत बसली असती तर आज पाव वाटत फिरलो असतो. वहिनीचा नवरा म्हणतो चूक केलं, चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला एक फोन तर लावायचा, नाही म्हणाले असते तर म्हणाले असते. आणि वहिनी स्वतः काय म्हणते? ती म्हणते मला अजून कळलेलं नाही, रात्री कधी कधी वाटतं फोन लावायला हवा होता.

तू सांग ना. शटर अर्धं खाली आहे, कार्बोरेटर मांडीवर आहे, चिमटीत गिरमिट आहे, फोन समोर पडलाय. तू काय केलं असतंस?